दात पांढरे करायला गेले, आणि त्याआधीच बरंच काही झालं

दात पांढरे करून घेतेय म्हटल्यावर प्रत्येकानं आधी एकच विचारलं, 'कुणाचं लग्न आहे?' कुणाचंच नव्हतं. मी जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. दिवसभर तोंड चालू असतं, निम्मा वेळ शिकवायला आणि निम्मा वेळ चहाला. दोन बॅचच्या मधे चहा, फी भरायला कुणाचे वडील आले की त्यांच्याबरोबर चहा, पेपर तपासायला बसले की चहा. चाळिशी उलटली आणि फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागली. कारण म्हणाल तर एवढंच.

करून घेतल्यावर प्रश्न बदलले. दुखतं का, पैसे किती, टिकतं किती, दात खराब होत नाहीत ना. शिकवणीच्या मुलांच्या आया, माझी नणंद, बँकेतली मैत्रीण, सगळ्यांना तेच तेच सांगून झालं म्हणून आता लिहूनच काढते. खुर्चीत बसून जेल लावून घ्यायचा भाग तासा-सव्वा तासाचा असतो आणि त्यात आ करून पडून राहण्यापलीकडे आपल्याला काही काम नसतं. समजून घ्यायचं ते सगळं त्याच्या आधी. त्यामुळे मी तेच जास्त सांगणार आहे.

डॉक्टरच्या आधी घरगुती उपायांची गाडी येतेच. लिंबू आणि खायचा सोडा, कोळशाची पावडर, आणि हल्ली आलेली ती जांभळी पेस्ट. विज्ञान शिकवत असल्यानं लिंबाला मी हात लावला नाही. लिंबाच्या रसाचा सामू (pH) दोनच्या आसपास असतो आणि तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, खनिज विरघळायला लागतं. कोळशाची पावडर डाग काढते ती खरवडून, आणि खरवडताना इनॅमलही झिजवते. हाड मोडलं तर जुळून येतं, इनॅमल गेलं की गेलं, शरीर ते पुन्हा तयार करत नाही. जांभळ्या-निळ्या पेस्टचा प्रकार निरुपद्रवी आहे. दातावर निळसर थर बसतो, पिवळेपणा डोळ्याला कमी जाणवतो, आणि थोड्या वेळानं थर धुऊन गेला की दात होते तसेच.

आमच्या भागातल्या एका पार्लरमध्ये फेशियलबरोबर 'अर्ध्या तासात चमकदार हास्य' अशी सवलत लागली होती. मी आत जाऊन चौकशी केली. जेलमध्ये काय आहे, किती टक्के आहे, हिरड्यांना लागू नये म्हणून काय करता? तिन्ही प्रश्नांना त्या मुलीचं उत्तर एकच, 'इम्पोर्टेड आहे, मॅडम.' मी आभार मानून बाहेर पडले. बिचारीचा दोष नाही, तिला जे शिकवलं ते ती सांगत होती. पण या जेलमधला मुख्य पदार्थ, हायड्रोजन पेरॉक्साइड, साधा नाही. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं दात पांढरे करायचं उत्पादन ग्राहकाला थेट विकता येत नाही. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत, आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही नाही. आपल्याकडे दवाखान्यात वापरतात ते जेल साधारण २५ ते ४० टक्क्यांचं असतं. असलं काही तोंडात घ्यायचं तर समोरच्या माणसाची डेंटल कौन्सिलकडे नोंदणी आहे की नाही हे बघायला काय लाजायचं? प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलंच असतं.

शेवटी रेल्वे लाइन्सकडच्या एका दंतवैद्य बाईंकडे गेले. त्यांच्या वेटिंगमध्ये तासभर बसलं की अख्खं सोलापूर ऐकू येतं. बिडी वळणाऱ्या एका मावशींशी त्या तेलुगूत बोलत होत्या, अक्कलकोटकडच्या आजोबांशी कानडीत, माझ्याशी मराठीत. भाषा तीन, पण पहिला प्रश्न तिघांनाही सारखाच होता, तंबाखू कोणत्या रूपात आणि किती?

मी म्हटलं, दात पांढरे करायचेत. त्या लगेच 'हो, करू की' म्हणाल्या नाहीत आणि मला तेच आवडलं. 'आधी कशानं पिवळे झालेत ते बघू या,' म्हणाल्या. मग प्रश्नांची फैर. गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का (या दोन्हीत ही गोष्ट पुढे ढकलतात). ॲसिडिटी होते का, आंबट पाणी वर येतं का, कारण पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की आतल्या बाजूनं इनॅमल पातळ होतं. रात्री झोपेत दात खाता का? गार पाण्यानं सणक जाते का? याआधी पुढच्या दातांना मार लागलाय का? मग एकेका दातावर हवेचा फवारा मारून मी कुठे दचकते ते पाहिलं, आणि पुढच्या दातांचे एक्स-रे काढले. माझ्या एका दाढेत बारीक कीड सापडली, ती मलाच माहीत नव्हती. कीड, चीर किंवा दातात आधी भरलेलं गळतं सिमेंट असेल तर जेल तिथून थेट आतल्या नसेकडे जातं, म्हणून आधी ते बुजवायचं, मग बाकीचं.

आता पिवळेपणाबद्दल. सोलापूरकराला सांगायचं तर चादरीवर सांडलेला चहा वेगळा आणि विणायच्या आधी सुतालाच दिलेला रंग वेगळा. चहा, कॉफी, तंबाखू, हळद, शिवाय क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश बरेच दिवस वापरलं तर त्याचेही तपकिरी डाग, हे सगळं दाताच्या वर बसतं. ते काढायला ब्लीच, म्हणजे पेरॉक्साइडचं जेल, लागत नाही, दातांची साफसफाई आणि पॉलिश पुरतं. दुसरा पिवळेपणा आतला. इनॅमल काहीसं पारदर्शक असतं आणि त्याखालचा डेंटिन नावाचा थर मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं वरचं कवच झिजून पातळ होतं, आतला थर जाड आणि गडद होतो, आणि दात न डागळताही पिवळे दिसायला लागतात. पेरॉक्साइडचं काम इथं. त्याचे रेणू इनॅमलमधून आत झिरपतात, फुटतात, आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे बंध तोडून त्यांचे छोटे, रंगहीन तुकडे करतात. घासणं-खरवडणं काही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, ते स्वतःच्या तोंडात होणार म्हटल्यावर जरा गंमत वाटली.

डॉक्टरांनी मला विचारलं, 'लहानपण कुठं गेलं?' मला वाटलं गप्पा चालल्यात. पण त्यालाही कारण होतं. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचं इनॅमल हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या वयात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी चट्टे येतात. नांदेड, यवतमाळकडच्या काही गावांत हा त्रास जुना आहे. असे चट्टे ब्लीचनं नेहमी जात नाहीत. उलट पांढरे चट्टे सुरुवातीला जास्तच उठून दिसू शकतात, त्यावर वेगळे उपचार आहेत. तसंच लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं गेलं असेल तर दातांवर करडे-तपकिरी आडवे पट्टे असतात. ते फिके करायला महिनोन् महिने लागतात आणि तरी पूर्ण जातीलच असं नाही.

यावरून आपल्याकडचा लाडका समज आठवला. 'बोअरच्या पाण्यानं दात पिवळे झाले.' आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, बोअर आणि टँकरशी सगळ्यांचा संबंध येतो, त्यामुळे सगळं खापर त्या पाण्यावर. डॉक्टर हसल्या. मोठेपणी जड पाणी प्यायल्यानं दात आतून पिवळे होत नाहीत. दातांवर किटण चढतं ते न घासलेल्या थरावर लाळेतलं खनिज बसून. त्यात बोअरपेक्षा आपल्या ब्रशचा हात जास्त असतो.

आमच्या यांचा विषय इथंच उरकते. यांचा वरचा एक दात कॉलेजात असताना क्रिकेटचा चेंडू लागून काळपट झालेला आहे. मी म्हटलं, तुम्हीही या, दोघांचं होऊन जाईल. डॉक्टर म्हणाल्या, यांचं काम वेगळं. मार लागून आतली नस मेलेला दात बाहेरून जेल लावून पांढरा होत नाही. आधी रूट कॅनाल करायचं आणि मग दाताच्या आत, मागच्या बाजूनं, औषध भरून तो एकच दात उजळायचा. हे अजून 'बघू' म्हणतायत.

माझ्या बाबतीत महत्त्वाचं ठरलं ते दुसरंच. माझ्या समोरच्या एका दाताचा कोपरा फार वर्षांपूर्वी तुटला होता आणि तो दाताच्या रंगाच्या सिमेंटनं बसवलेला आहे. ते कॉम्पोझिट, दातावरच्या टोप्या, व्हेनीअर म्हणजे दातावर चिकटवलेले पातळ पापुद्रे, यांपैकी कशावरही पेरॉक्साइडचा उपयोग होत नाही. बाकीचे दात पांढरे होतील आणि तो कोपरा जुन्याच रंगाचा राहील, तोही अगदी समोर. म्हणजे तो कोपरा बदलावा लागणार, आणि तोही नंतरच. कारण नवा रंग काय येईल हे आधी सांगता येत नाही, आणि ब्लीच झाल्यावर लगेचही करता येत नाही. दातात उरलेला ऑक्सिजन सिमेंटला नीट चिकटू देत नाही, शिवाय रंगही स्थिरावलेला नसतो. साधारण दोन आठवडे थांबायचं, मग कोपरा नव्यानं बसवायचा. याचे पैसे वेगळे. समोरच्या दाताला टोपी असेल तर हिशेब आणखी मोठा, कारण टोपीच बदलावी लागते. तुमच्या तोंडात पुढच्या बाजूला असं काही असेल तर जेलचा दर विचारायच्या आधी याचा दर विचारा. 'पॅकेज' म्हणून सांगतात त्या आकड्यात हे बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

मग आधी दात साफ करून घेतले. 'मशीन लावली की दात हलायला लागतात' हे आमच्या गल्लीत ब्रह्मवाक्य आहे. प्रत्यक्षात हिरडी आधीच सुटलेली असते आणि दातांमधल्या फटी किटणानं भरलेल्या असतात. किटण निघालं की फट जिभेला लागते आणि माणूस मशीनला शिव्या देतो. साफ झाल्यावर आरशात पाहिलं तर निम्मं काम तिथंच झालेलं. डॉक्टर म्हणाल्या सुद्धा, 'एवढ्यावर समाधान असेल तर थांबा, माझं काही म्हणणं नाही.' बऱ्याच जणांचं इथंच भागतं आणि हजार-बाराशेत काम होतं. मी थांबले नाही. ओठ मिटून हसणं साफसफाईनं सुटलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

हिरड्या बऱ्या होईपर्यंत मधे काही दिवस गेले. तेवढ्यात पोटॅशियम नायट्रेट असलेली, सणक कमी करणारी टूथपेस्ट वापरायला लावली. ही पेस्ट त्रास सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधीचे दोन आठवडे वापरलेली बरी. ती नसेची संवेदना हळूहळू कमी करते, एका दिवसात नाही.

तारीख ठरवण्याबद्दल एक सोलापुरी सल्ला. एप्रिल-मेमध्ये हे करू नका. पारा ४२-४४ वर असतो, माणूस माठाच्या पाण्यावर, ताकावर आणि बर्फाच्या गोळ्यावर जगतो, आणि ब्लीचनंतर काही दिवस गार काहीही दातांना लागतं. संक्रांतीच्या आसपासही नको. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा चालू असते, हळदीकुंकवाला घरोघर जायचं, प्रत्येक घरी चहा-कॉफीला नाही म्हणत बसायचं. हुरड्याला तर नाही म्हणणं शक्यच नाही, आणि हुरड्याबरोबर शेंगाची चटणी आलीच. मी हे सगळं उरकून फेब्रुवारीतला शनिवार धरला, म्हणजे रविवार हाताशी राहिला.

त्या दिवशी आधी रंग मोजला. व्हिटा नावाच्या जर्मन कंपनीची सोळा दातांची एक पट्टी असते, ए, बी, सी, डी असे गट आणि त्यात आकडे, गटात आकडा लहान तितका रंग फिका. लिपस्टिक लावून यायचं नाही असं सांगितलं होतं, ओठांच्या रंगानं दातांचा रंग चुकतो. खिडकीतल्या उजेडात पट्टीतला एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून बघितला आणि फोटो काढला. माझा निघाला ए ३.५, म्हणजे पिवळसर-तांबूसपणाकडचा. हा गट ब्लीचला चांगली दाद देतो, करडेपणाकडचे सी आणि डी हट्टी असतात. हा फोटो आग्रहानं काढून घ्या. नंतर आपल्याला वाटायला लागतं की काही फरकच पडला नाही, तेव्हा तोच कामाला येतो.

डॉक्टरांनी हेही आधीच सांगितलं की टीव्हीतल्या नट्यांसारखे दात होणार नाहीत. त्यातल्या कित्येकींच्या दातांवर पोर्सेलीनचे पातळ पापुद्रे बसवलेले असतात. सुळे बाकीच्यांपेक्षा जरा गडदच राहतात, ते मुळातच तसे असतात. हिरडीजवळचा भाग टोकापेक्षा पिवळसर राहतो कारण तिथं कवच पातळ असतं. ज्यांच्या हिरड्या मागे सरकून मूळ उघडं पडलंय, त्यांचं मूळ पांढरं होत नाही आणि सणक मात्र तिथूनच जाते.

मग खुर्ची. ओठांना व्हॅसलीन, डोळ्यांवर चष्मा, गालांना ताणून धरणारा प्लॅस्टिकचा आकडा. तो घातल्यावर माणूस कितीही शिकलेला असो, दिसतो विनोदीच. हिरड्यांच्या कडेनं निळी राळ लावून ती दिव्यानं कडक केली. ही पायरी घाईत उरकली तर हिरड्या भाजतात, म्हणून इथं डॉक्टर किती वेळ घेतात ते बघावं. माझ्या डॉक्टरांनी बराच घेतला. त्यानंतर दोन नळ्यांतलं मिश्रण करून जेल दातांवर पसरलं. पंधरा मिनिटं ठेवायचं, शोषून काढायचं, ताजं लावायचं, असं तीनदा.

निळ्या दिव्याबद्दल सगळे विचारतात. जाहिरातीत त्यालाच 'लेझर' म्हणतात, बहुतेक ठिकाणी तो साधा एलईडी असतो. आमच्या डॉक्टरांकडेही आहे. त्या म्हणाल्या, 'पेशंटला दिवा दिसला की बरं वाटतं. काम जेल करतं. दिव्यानं शेवटचा रंग फार वेगळा येतो असं नाही, आणि उष्णतेनं सणक वाढायची शक्यता.' मी नको म्हटलं. 'लेझर'च्या नावावर कुणी दोन-तीन हजार जास्त सांगत असेल तर हे लक्षात ठेवा.

दुखलं का? पहिल्या पंधरा मिनिटांत काही नाही. दुसऱ्या वेळी खालच्या पुढच्या दातांत एक सणक, क्षणभराची, थेट मुळापर्यंत. तिसऱ्या वेळी जरा जास्त. हात वर केला की थांबायचं असं ठरलं होतं आणि खालच्या दातांसाठी मी शेवटची दोन-तीन मिनिटं आधीच थांबवलं. कुणी त्यावरून कुरकुर केली नाही. हिरडीच्या एका टोकाला जेल लागून पांढरा ठिपका आला होता, चुरचुरत होता, संध्याकाळपर्यंत गेला. शेवटी फ्लोराइडचं जेल लावलं आणि पट्टी पुन्हा धरली. ए १. मी आरशात बघून अगदी मोठ्यानं हसले.

हा रंग खरा नसतो, हेही त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. तासभर तोंड उघडं, दात कोरडे पडलेले. कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. पाणी परत मुरलं की एक-दोन छटा उतरतात, आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत रंग स्थिर होतो. माझा ए २ वर थांबला. ए ३.५ वरून ए २, उजळपणाच्या क्रमानं लावलेल्या पट्टीवर हे अंतर मोठं आहे, पण अनोळखी माणसाला 'हिनं दात पांढरे केलेत' असं वाटत नाही. मला तेच हवं होतं. नणंदेला मात्र पैसे वाया गेल्यासारखे वाटले.

पहिली रात्र. सणका येत राहिल्या, मधेच कधीतरी, कारण नसताना. वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितली होती, ती घेतली आणि झोप लागली. दुसऱ्या दिवशी तोंडानं श्वास घेतला तरी दात जाणवायचे. शिकवताना तोंडानं श्वास घेतल्याशिवाय होत नाही, म्हणून रविवार सुट्टीचा धरला ते बरंच केलं. सोमवारी किरकोळ, आठवड्याच्या शेवटी विसरले. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. आठवडाभरानंतरही एखादाच दात ठणकत असेल तर ती ब्लीचची सणक समजून सोडून देऊ नये, दाखवून यावं.

खाण्याचं पथ्य ४८ तासांचं. इनॅमल ताजं ताजं रंग ओढून घेतं अशी समजूत त्यामागं आहे. त्यावर दुमत आहे म्हणतात, पण दोन दिवसांचा प्रश्न होता, मी पाळलं. नियम सोपा, पांढऱ्या शर्टावर सांडलं तर डाग पडेल ते खायचं नाही. आता आपल्या स्वयंपाकघरात हळद, तिखट, काळा मसाला यांशिवाय काय उरतं ते बघा. दहीभात, ज्वारीची भाकरी आणि दही, केळं, पांढरा ढोकळा, दूध, साधी इडली चटणीशिवाय, बिनहळदीची मुगाची खिचडी, जी आमच्या सासूबाईंनी चाखून 'ही आजाऱ्याची दिसते' म्हटलं. शेंगाची चटणी नाही. डाळिंब नाही, आणि आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. लिंबू, चिंच, सोडा-वॉटर असं आंबट तर अजिबात नाही, त्यानं सणक वाढते. चहा सोडणं सगळ्यात अवघड गेलं. डोकं दुखलं ते ब्लीचनं नाही, चहा नसल्यानं. स्ट्रॉनं चहा प्या असा सल्ला कुणीतरी दिला होता. गरम चहा स्ट्रॉनं! ज्यानं दिला त्यानं स्वतः एकदा पिऊन बघावा.

दोन आठवड्यांनी समोरचा कोपरा नव्या रंगाचा करून घेतला. तो झाला तेव्हाच काम पुरं झाल्यासारखं वाटलं. मधल्या काळात जुना कोपरा ठळक पिवळा दिसत होता. दहावीच्या मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. 'मॅडम, दाताला काय झालं?'

जाताना साच्यावर बनवलेले दोन पातळ ट्रे दिले, घरी वापरायला. ही पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेत हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी मांडली. रात्री ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून झोपायचं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं जेमतेम साडेतीन टक्के, म्हणून सावकाश चालतं, सणकही कमी. दोन-तीन आठवडे नेमानं केलं तर शेवटचा रंग दवाखान्यातल्याच्या जवळपास येतो. ज्यांना घाई नाही आणि दात नाजूक आहेत त्यांनी खुर्चीच्या ऐवजी हेच करावं असं माझं मत झालंय. मी घाईची, म्हणून उलट क्रम लावला. आता रंग उतरल्यासारखा वाटला की दोन-चार रात्री ट्रे लावते. प्रत्येक दाताला एक थेंब, त्याहून जास्त घातलं तर हिरड्यांवर येतं. टिकण्याचं म्हणाल तर वर्षभर ते दोन-तीन वर्षं, तुमच्या चहावर अवलंबून. मी चहा कमी केलेला नाही. प्यायल्यावर पाण्यानं चूळ मात्र भरते.

पैसे. ब्लीच आणि ट्रे मिळून साडेनऊ हजार, साफसफाई, दाढेचं सिमेंट आणि समोरचा कोपरा धरून चौदाच्या पुढे गेलं. मेडिक्लेममध्ये बसत नाही, सौंदर्याचा उपचार धरतात.

आता आईचं. आई माझ्याबरोबर एकदा आली होती, आणि माझे दात बघून डॉक्टरांना म्हणाली, 'माझं बी करा की पांढरं.' आई तरुणपणापासून मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली घरची पूड. 'आजी, मिश्री किती वेळा?' 'दोनदा. सकाळची लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, बाई.' डॉक्टरांनी दातांकडे फार पाहिलंच नाही. खालचा ओठ ओढून आतली बाजू बघत राहिल्या, जिथं मिश्रीचं बोट ठरलेलं असतं. तिथं पांढुरका चट्टा होता, गॉजनं पुसून न जाणारा. तंबाखू चालू असताना ब्लीच करत नाही, असं सांगून त्यांनी मिश्री बंद करायला लावली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायचा, हेही आईला गोड शब्दांत न गुंडाळता सांगितलं. आई घाबरली आणि त्या भीतीनं जे केलं ते आमच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यानं झालं नव्हतं. चट्टा बराच फिका झाला. डॉक्टर अजून दर काही महिन्यांनी बघतात. दात साफ करून घेतल्यावर आईला ते एवढे आवडले की पांढरं करायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. तुमच्या घरात मिश्री, मावा, तंबाखूवालं कुणी दात पांढरे करायचं म्हणत असेल तर त्यांना जरूर घेऊन जा. त्या निमित्तानं तोंड तपासलं जाईल.

परवा शिकवणीतली एक मुलगी थांबून राहिली. इन्स्टावर बघून दात पांढरे करायच्या पट्ट्या मागवायचं तिच्या डोक्यात होतं. मी तिला सांगितलं, या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असते, सणक जास्त बसते. अठरा पूर्ण होऊ दे, मग मीच घेऊन जाते. ती हिरमुसली. खरं सांगायचं तर तिचे दात माझ्या आताच्या दातांपेक्षा पांढरे आहेत. मी तिला डॉक्टरांकडची ती रंग मोजायची पट्टी मागून आणून दाखवणार होते, पण तिची आई आली आणि चहा ठेवावा लागला.